क्लच प्लेट खरंच गेली आहे का? कव्हर उघडण्याआधी आणि उघडल्यावर

इंदूरमध्ये कुठल्याही गॅरेजसमोर गाडी उभी करून ‘पिकअप बसलाय’ एवढंच म्हणा. मिस्त्री हातातलं काम न सोडता निकाल देतो, ‘क्लच प्लेट गई, भिया.’ पुष्कळदा तो बरोबरही असतो. माझ्या जुन्या स्प्लेंडरला मात्र हा निकाल दोनदा लागला, दोन्ही वेळा नव्या प्लेटा पडल्या आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा सिग्नलला न्यूट्रल सापडेनासं झालं. तिसऱ्या खेपेला मी स्वतःच कव्हर उघडलं. प्लेटा ठणठणीत होत्या. त्या प्लेटांचे कान ज्या फटींत सरकतात, त्या फटींच्या भिंतींना खाचा पडल्या होत्या, नख अडकेल एवढ्या. त्या माणसाने दोनदा आत हात घातला होता आणि दोन्ही वेळा नेमकं तेवढंच पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एक क्रम ठरला आहे. आधी फुकटात तपासता येतं ते, मग तेल, मग कानाने ऐकायचं आणि पाना सगळ्यात शेवटी. ज्यांनी आजवर फक्त चेन घट्ट केली आहे किंवा स्पार्क प्लग साफ केला आहे, त्यांनाही यातलं अर्ध्याहून जास्त काम जमेल.

आत काय फिरतं

इंजिनाच्या क्रँकवर एक छोटा गिअर असतो. तो एका मोठ्या गिअरला फिरवतो आणि त्या मोठ्या गिअरच्या अंगावरच रिबिट मारून क्लचचं हाउसिंग बसवलेलं असतं. ही छोट्या-मोठ्या गिअरची जोडी म्हणजे प्रायमरी ड्राइव्ह. जुन्या बुलेटमध्ये आणि जुन्या येझदीत गिअरच्या जागी साखळी असते, तिला सगळे प्रायमरी चेन म्हणतात. हाउसिंगच्या आत घर्षणाच्या प्लेटा आणि लोखंडी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाच्या प्लेटांचे कान बाहेर, हाउसिंगच्या फटींत. लोखंडी प्लेटांचे दात आत, क्लच सेंटरवर. स्प्रिंगा हा सगळा गठ्ठा दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला मिळते. लिव्हर ओढली की स्प्रिंगांचा दाब सुटतो.

यातून दोन उलट्या तक्रारी निघतात आणि नवखा माणूस नेमका त्यांच्यात घोळ घालतो. गठ्ठा पुरेसा दाबला जात नाही तेव्हा क्लच घसरतो. गठ्ठा पूर्ण सुटत नाही तेव्हा क्लच चिकटतो. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. चिकटणाऱ्या क्लचमध्ये पहिला गिअर ‘खट्‌’ करून पडतो, लिव्हर दाबूनही गाडी पुढे रेटते आणि न्यूट्रल रुसून बसतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. प्लेट झिजली की घसरणं येतं, न्यूट्रल हरवत नाही. माझ्या मिस्त्रीला एवढं एक वाक्य आठवलं असतं तरी निदान माझे दुसऱ्या सेटाचे पैसे वाचले असते.

लिव्हर आणि वायर

क्लचची लिव्हर एका बोटाने हलकेच ओढा. सुरुवातीची थोडी चाल मोकळी जाते आणि मग वजन लागतं. ही मोकळी चाल म्हणजे प्ले. बहुतेक कम्यूटर गाड्यांत लिव्हरच्या टोकाला मोजली तर ती १० ते २० मिमी असावी. लिव्हरच्या टोकाजवळ स्टीलची पट्टी धरा आणि मोजा, अंदाजावर सोडू नका.

प्ले अजिबात नसेल तर वायर सतत ताणलेली राहते, प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि चांगला क्लचही घसरतो. प्ले फार असेल तर लिव्हर पूर्ण ओढूनही गठ्ठा सुटत नाही आणि क्लच चिकटतो. दोन्ही आजार ॲडजस्टरचा नट चार वेढे फिरवून बरे होतात. बारीक फरक लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने करायचा, मोठा फरक इंजिनाजवळच्या.

मग वायर बघा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना प्ले बदलत असेल तर वायर कुठेतरी अडकते आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. वायरचं टोक लिव्हरमधून काढून बघा, एखाददुसरी तार तुटून ब्रशासारखी पिसारली असेल तर वायर बदला. जड लिव्हरचा दोषही बहुतेक वेळा कोरड्या वायरचाच असतो. पावसाळा संपला की वायरमध्ये थेंब थेंब तेल सोडायची सवय ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

तेल

या सगळ्या गाड्यांचा क्लच तेलात बुडून चालतो. त्यामुळे गाडीत कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि आपल्या प्लेटांना नेमकं घर्षणच हवं असतं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. ‘एमबी’ लिहिलेलं तेल स्कूटरांसाठी ठीक, गिअरच्या गाडीला नको.

स्प्लेंडरसारख्या गाडीत तेलाची पातळी बघताना पट्टी पुसून नुसती भोकात टेकवायची, आटे लावायचे नाहीत. आटे लावून मोजाल तर पातळी खरी आहे त्याहून जास्त दिसेल. मग त्या पट्टीचं तेल बोटांवर घेऊन वास घ्या. जळका, थोडा करपलेल्या डाळीसारखा वास येत असेल आणि बोटांत काळी भुकटी जाणवत असेल तर प्लेटांचं अस्तर झिजून तेलात उतरतं आहे. नुसता काळा रंग काही सांगत नाही, तेल काळं होतंच.

रस्त्यावरची परीक्षा

आता गाडी गरम करून बाहेर काढा. पहाटेचा सुपर कॉरिडॉर याला उत्तम, रुंद आणि मोकळा. वरच्या गिअरमध्ये ३५-४० च्या वेगाने चालवा आणि ॲक्सिलेटर एकदम पूर्ण पिळा. चांगल्या क्लचमध्ये इंजिनाचा आवाज आणि वेग हातात हात घालून वाढतात, थोडे सावकाश का होईना. घसरणाऱ्या क्लचमध्ये आवाज आधी चढतो आणि वेग मागून रेंगाळत येतो. एकदा कान लागला की ही गोष्ट चुकत नाही.

सपाटीवर शंका राहिली तर चढ शोधा. खंडवा रस्त्याला सिमरोळ ओलांडून भेरू घाटात शिरलं की मागे माणूस बसवून केलेली चाचणी काहीच लपवू देत नाही. मागच्या वर्षी ओंकारेश्वरला जाताना माझ्या मित्राची गाडी याच घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागली. त्याला वाटलं पेट्रोल खराब आहे. थांबून अर्धा तास गार होऊ दिली तर पुन्हा नीट चढली. गार असताना पकडणारा आणि गरम झाल्यावर सोडणारा क्लच म्हणजे झिजलेल्या प्लेटा किंवा थकलेल्या स्प्रिंगा, असं खुशाल धरून चाला. पेट्रोलचा दोष असता तर इंजिन दबलं असतं, ओरडलं नसतं.

चिकटण्याची परीक्षा घरीच होते. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन गरम असू द्या, लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. मागचं चाक हळूहळू फिरेल. तेलाच्या चिकटपणामुळे एवढं होतंच, सकाळच्या गार इंजिनात तर जास्तच. लिव्हर दाबलेलीच ठेवून मागचा ब्रेक हलका दाबा. चाक मुकाट थांबलं तर सगळं ठीक. ब्रेकला विरोध होत असेल, इंजिनाचा आवाज खाली बसत असेल, तर क्लच सुटत नाहीये. हात किंवा पाय आऱ्यांजवळ नेऊ नका, ब्रेकचं काम ब्रेकलाच करू द्या.

तिसरी तक्रार म्हणजे गाडी सोडताना येणारे आचके. इथे थोडं थांबा. मागच्या चेनला ढील असेल किंवा मागच्या हबमधले रबर झिजले असतील तरी असेच आचके येतात, आणि हबचे रबर क्लचच्या मानाने किरकोळ पैशांत येतात. चेन नीट ताणून, मागचं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवून बघा. ते मोकळं हलत असेल तर आधी रबर बदला. त्यानंतरही आचके राहिले तरच संशय वाकड्या लोखंडी प्लेटांवर किंवा खाचा पडलेल्या हाउसिंगवर.

कानाने ऐकायचं

प्रायमरीचा आवाज ओळखण्याची युक्ती साधी आहे. जो आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो तो इंजिनाकडचा, जो चाकाच्या वेगाबरोबर बदलतो तो चेन, स्प्रॉकेट किंवा चाकाच्या बेअरिंगचा. चालत्या गाडीत लिव्हर दाबून इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलेटर न देता ते ज्या वेगाने फिरतं तिथे, येऊ द्या. आवाज तसाच राहिला तर प्रायमरीला दोष देऊ नका.

मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये, उजव्या कव्हरला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक आणि मुठीला कान लावून ऐका. लिव्हर सोडलेली असताना ‘कट-कट’ येते आणि दाबल्यावर थांबते का? तर हाउसिंगमधल्या, झटके शोषणाऱ्या डँपरच्या स्प्रिंगा किंवा रबर सैल झाले असतील, हाउसिंगचा बुश घासला असेल किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग बोलत असेल. उलट, लिव्हर दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर ती क्लच उचलणाऱ्या छोट्या बेअरिंगची. ते अगदी स्वस्तात मिळतं, पण त्याच्या नावावर लोक अख्खा क्लच बदलून घेतात.

एक गोष्ट मात्र आधी करा, आयडल नीट लावून घ्या. १०० सीसीच्या गाड्यांचं आयडल साधारण मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास असतं. त्याहून बरंच खाली बसलेलं इंजिन झटके देत फिरतं, गिअरचे दात एकमेकांवर आपटतात आणि ठीकठाक प्रायमरीही खडखडते. आयडलचा स्क्रू किंचित आवळल्यावर आवाज गेला तर गाडी घ्या आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गरम तळलेले गराडू खा, दुरुस्ती झाली.

कव्हर उघडल्यावर

इथवर येऊनही तक्रार उरली तरच पाना हातात घ्या. तेल काढा, किकचा दांडा काढा, क्लच साइडच्या कव्हरचे बोल्ट काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा, नाहीतर बसवताना लांब बोल्ट आखूड भोकात जाऊन केसिंगचे आटे जातील. पॅकिंग बहुतेक फाटतंच, नवं आधीच आणून ठेवा. आमच्याकडे असल्या सुट्या मालासाठी छोटी ग्वालटोली. सरवटे बस स्टँडच्या बाजूला दुकानांची रांगच आहे. जुना भाग सोबत न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे. काही गाड्यांत त्यानंतर प्लेटा सरळ बाहेर येतात, काहींत मधला नट काढावा लागतो. तो चार खाचांचा असेल तर त्याची खास गोटी (सॉकेट) विकत घ्या. छिन्नी-हातोडीने काढणारे पुष्कळ भेटतील. ते नट खराब करतातच, वर त्या धक्क्यांनी शाफ्टचं बेअरिंगही मार खातं.

आता मोजमाप. घर्षणाच्या प्लेटेची जाडी व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी घ्या. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत नवी प्लेट ३ मिमीच्या आसपास असते आणि २.६ मिमी झाली की बदलायची. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या. अस्तर जाड असूनही काचेसारखं चकचकीत झालं असेल तर तीही गेलीच. लोखंडी प्लेट आरशाच्या तुकड्यावर ठेवून कडेखाली फीलर गेज सरकवा. ०.२० मिमीची पट्टी आत शिरली तर प्लेट वाकली आहे. निळसर डाग दिसले तर ती तापून गेली आहे, आणि तशी ती जवाहर मार्गावरच्या गर्दीत हाफ क्लचवर चालवल्यानेच तापते. स्प्रिंगा सपाट फरशीवर ओळीने उभ्या करा. एखादी बुटकी असेल तर एकटी बदलू नका, पूर्ण सेट बदला. स्प्रिंगा स्वस्त असतात, पुन्हा कव्हर उघडण्याचा त्रास स्वस्त नसतो.

आणि मग हाउसिंग. इथे घाई नको. कपड्याने पुसून, उजेडाकडे धरून प्रत्येक फटीच्या दोन्ही भिंती बघा. प्लेटांचे कान वर्षानुवर्षं आपटून तिथे पायऱ्यांसारख्या खाचा पाडतात. बोटाने चालत गेलं तर बोट गुळगुळीत सरकायला हवं. माझं बोट शिडी चढल्यासारखं ठेचकाळत गेलं होतं. प्लेटांचे कान या पायऱ्यांत अडकतात, लिव्हर दाबली तरी प्लेटा एकमेकींपासून सुटत नाहीत, म्हणून न्यूट्रल सापडत नाही. प्लेटा नव्या घातल्या तर त्यांचे नवे, चौकोनी कान त्याच खाचांत आणखी घट्ट बसतात. खाचा अगदी उथळ असतील तर बारीक कानशीने भिंत सरळ करता येते, सगळ्या फटींत सारखी आणि जपून. खोल असतील तर हाउसिंग बदला, कानस मारून फट रुंद झाली की कान आपटण्याचा आवाज सुरू होतो. क्लच सेंटरच्या दातांवरही असंच बोट फिरवा.

हाउसिंग हातात आहे तोवर प्रायमरी तपासून घ्या. मोठा गिअर एका हाताने धरून हाउसिंग दुसऱ्या हाताने पिळा. मोकळं खट-खट हललं तर आतल्या डँपरच्या स्प्रिंगा किंवा रबर गेले, किंवा रिबिटा सैल झाल्या. गिअरचे दात बोटाने चाचपा. कड्यांवर चमक असली तर चालेल, दाताच्या अंगावर खड्डे असतील तर नाही. असे खड्डे दिसले तर छोटा आणि मोठा गिअर जोडीनेच बदलावे लागतात. नवा गिअर जुन्या दातांशी भांडत राहतो आणि त्या भांडणाची घरघर तुम्हाला रोज ऐकावी लागते. हाउसिंग शाफ्टवर परत चढवून वर-खाली हलवा, डुगडुगत असेल तर बुश बघा.

स्प्लेंडरच्या १०० सीसी इंजिनात क्रँकच्या टोकाला गोल तेल-गाळणीही असते, तिचं झाकण तीन स्क्रूंचं. कव्हर उघडलंच आहे तर तिच्यातला काळा चिखल साफ करा. गॅरेजमध्ये हे काम क्वचितच कोणी न सांगता करतं.

जुनी बुलेट

रामबागेतल्या काकांकडे कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आहे आणि ते तिला हात लावू देतात तो दिवस घरात सण असतो. तिच्यात क्लच घसरतोय हे किकवरच कळतं. किक गिअरबॉक्सवर मारली जाते आणि तिची ताकद क्लचमधूनच इंजिनाकडे जाते, म्हणून घसरणाऱ्या क्लचमध्ये किक मऊ लागते आणि इंजिन न फिरता खाली जाते. 

प्रायमरी डाव्या बाजूला असते, तिचं तेल वेगळं आणि कव्हर मधल्या एकाच नटावर. गळती थांबवायला तो नट जोरात आवळणारे बरेच आहेत. त्याने कव्हर वाकतं आणि गळती वाढते. गळत असेल तर कडेचं रबर बदला. कव्हरच्या तपासणी-झाकणातून प्रायमरी चेन बोटाने वर-खाली हलवा. हळूहळू इंजिन फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात घट्ट जागी ६ मिमी, म्हणजे काकांच्या भाषेत पाव इंच, चाल हवी. सैल जागेवर मोजून ताणली तर घट्ट जागी ती क्रँक आणि गिअरबॉक्स या दोन्हींची बेअरिंग खाते. ॲडजस्टर संपला तरी चाल जास्तच असेल तर चेन संपली. आणखी एक, प्रायमरीतलं तेल आपोआप वाढत असेल आणि इंजिनातलं कमी होत असेल तर मधलं सील गेलंय. त्या जास्तीच्या तेलात क्लच घसरतो, आणि लोक पुन्हा प्लेटाच बदलतात.

(येझदीवाल्यांचं काही विचारू नका. तिथे एकच दांडा किकही आणि गिअरही, वर गिअर टाकताना क्लचही आपसूक सुटतो. तो वेगळा धर्म आहे.)

परत बसवताना

नव्या घर्षणाच्या प्लेटा कोऱ्या घालू नका. जे तेल इंजिनात जाणार आहे त्यातच रात्रभर बुडवून ठेवा. प्लेटांचा क्रम काढताना फोटोत घेतलेला असतोच, तसाच लावा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. ६ मिमीच्या त्या बोल्टांना फार जोर सोसत नाही, ‘अजून एक वेढा’ म्हणणारा हात तिथेच आटे खातो. कव्हर बसवून तेल भरा, प्ले पुन्हा १०-२० मिमीवर आणा. काढलेलं तेल जुन्या डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्या. नाल्यात ओतलंत तर दारात येणारी कचरागाडीच तुमची चौकशी करेल.

पहिले काही दिवस चढावर पूर्ण ॲक्सिलेटर देऊ नका. नव्या प्लेटा बसल्या की प्ले बदलतो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा मोजा.

जुनी एक प्लेट फेकू नका. तिच्यावर मार्करने किलोमीटर आणि जाडी लिहून खिळ्याला अडकवा. माझ्या खिळ्यावर दोन आहेत. पहिलीवर २.५ लिहिलंय, दुसरीवर २.९.